हरवलेल्या आईबापांची खोली

"सूचना. लक्ष देऊन ऐकावं. स्वयंपाकघरात गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाण्याच्या बेतात आहे. संबंधितांनी त्वरित तिथे जावं. धन्यवाद."

आमच्या घरात सकाळ अशी होते. सूचना देणाऱ्या माझ्या सासूबाई त्या वेळी दुधापासून हातभर अंतरावर उभ्या असतात. हात लांब केला तर गॅस बंद होईल. पण हात लांब करणं हे त्यांचं काम नाही, सूचना देणं हे त्यांचं काम. 'संबंधितांनी' म्हणण्याआधी त्या क्षणभर थांबतात आणि माझ्याकडे बघतात. तसं बघायची काही गरज नाही. घरात माणसं चार: सासूबाई, आमचे हे, आमची लेक ठकी आणि मी. त्यातलं संबंधित एकच. लग्न होऊन या घरात पाऊल टाकलं त्या दिवशीची पहिली सूचनाही माझ्याच नावे निघाली होती. "नव्या सूनबाईंची एक चप्पल वाटेत आडवी पडलेली आढळली आहे. ओळख पटवून घेऊन जावी." मी ओळख पटवून घेऊन आले. करते काय!

त्यांना तरी दोष कसा द्यायचा? तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलंच नाही. गावाच्या टोकाला पाळण्यांची एक जुनी बाग आहे. तिच्या फाटकालगतच्या खोलीत माइकसमोर बसायचं आणि हरवलेल्या मुलांची सूचना द्यायची, ही त्यांची नोकरी. बागेत त्यांना सगळे माइकबाई म्हणतात. घरी आलं तरी माइक तेवढा तिकडे राहतो, बाई पूर्ण इकडे येते.

बाग म्हणाल तर फार काही नाही. आकाशपाळणा आहे, पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. वर गेलं की आकाशाऐवजी समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्यांचं जेवण दिसतं. ते लोकही आता सवयीनं हात हलवतात. झुकझुकगाडी आहे. तिचा बोगदा इतका आखूड की शेवटचा डबा आत शिरेपर्यंत इंजिन बाहेर पडलेलं असतं. तरी मुलं जिवाच्या आकांतानं किंचाळतात, कारण बोगद्यात किंचाळायचं असतं. धडकगाड्यांपैकी सध्या एकच चालू आहे. धडकायला दुसरं कोणी नसल्यामुळे माणसं एकटीच गोल फिरतात आणि उतरताना म्हणतात, वा, रहदारी नाही, बरं वाटलं. तळ्यात हंसाच्या आकाराच्या, पायांनी चालवायच्या बोटी आहेत. त्यातल्या एका हंसाची मान तुटली होती, ती जोडणाऱ्यानं उलटी जोडली. तो बिचारा मागे बघत पुढे जातो. आणि रांग लागते ती त्याच्यासाठीच.

भूतबंगल्याचं तर विचारूच नका. तिथे तिकीट फाडणारा आणि भूत एकच. तिकीट फाडून तो अदबीनं म्हणतो, "दोनच मिनिटं थांबा हं," आणि मागच्या दारानं आत जाऊन चादर पांघरतो. एखादं पोर फारच भेदरलं तर चादर बाजूला करून, "अरे मीच आहे, मघाचा," असं सांगतो. मोठ्या नव्या बागांत म्हणे माणसाला उलटं टांगून फिरवतात. आमच्या बागेत माणसाला कोणी काही करत नाही. म्हणूनच ती मला आवडते, आणि हे मी सासूबाईंना कधी कळू दिलेलं नाही.

अशा तळहाताएवढ्या बागेत मूल हरवतं कसं, हा प्रश्न मीही एकदा विचारला होता.

"मूल कधीच हरवत नाही," सासूबाई म्हणाल्या. "ते आपलं एका जागी उभं असतं, हंसाकडे बघत, नाहीतर मुंग्यांकडे बघत. हरवतात ते आईबाप. बाप फोटो काढायला पळतो, आई रांगेत भांडायला जाते. मग मुलाचं वर्णन कशाला करायचं? जो हरवलाय त्याचं करावं."

त्यांची पद्धत तीच. मूल खोलीत आलं की त्याला स्टुलावर बसवायचं, नाक पुसायचं आणि विचारायचं, "हं, कोण हरवलंय? दिसायला कसे आहेत? घरी काय करतात?" मग मूल जे सांगेल ते, पदरचा एक शब्द न घालता, माइकवर.

"सूचना. एक वडील हरवले आहेत. केस पुढून गेलेले, पोट शर्टाच्या बाहेर. मुलाच्या सांगण्यानुसार घरी ते फक्त फोनशी बोलतात. घोरतात. असे वडील कोणाला आढळल्यास फाटकाजवळच्या खोलीत आणून सोडावेत. मूल सुखरूप आहे. धन्यवाद."

या सूचनेला एका रविवारी सहा वडील हजर झाले. सहाही मान खाली घालून. त्यातल्या पाचांची मुलं त्यांचं बोट धरूनच होती, पण वर्णन जुळलं म्हणून ते आपले आले.

दुसऱ्याची फजिती ऐकायला माणसाला तिकीट जड होत नाही. लोक पाळण्यात न बसता बाकांवर बसून कर्ण्याकडे कान लावू लागले. पॉपकॉर्न घ्यायचं, पाय पसरायचे आणि आज कोणाचे आईबाप हरवतात याची वाट बघायची. काही मुलं तर हरवलेली नसतानाही खोलीशी येऊन रांग लावत. त्यांना घरच्यांबद्दल काही सांगायचं असे.

आता माझ्याबद्दल थोडं. स्वयंपाक मला बेताचा जमतो, शिवण अजिबात नाही. माझ्या अंगात कला एकच: मी सासूबाईंचा आवाज काढते. नाकातून सुरुवात, मधे दरडावणी आणि शेवटी 'धन्यवाद' जणू कोणी उपकार फेडतंय असं. त्या कामावर गेल्या की ठकी म्हणते, "आई, आजी कर." मग मी पळी तोंडाशी धरून सूचना देते. "एक नवरा सोफ्यावर आढळला आहे. बराच वेळ बेवारस आहे." सासूबाई बाहेरच्या खोलीत असल्या तर आमचे हे खबरदारी म्हणून आधी नळ पूर्ण सोडतात आणि मग हसतात. पाण्याचं बिल आमच्याकडे जास्त येतं ते यामुळे.

तर अशा सुखात दिवस चालले होते आणि सासूबाईंचा घसा बसला.

आधी त्यांनी तो मानलाच नाही. गरम पाणी पिऊन आठवडाभर रेटलं. मग एका सकाळी 'सूचना' म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. दूध उतू गेलं. डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं आणि सांगितलं की स्वरयंत्राला सूज आहे, महिनाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल. पुढे त्यांनी हळूच एवढंही म्हटलं की राहिला तरी पूर्वीचा राहणार नाही.

मी मनात म्हटलं, महिनाभर शांतता! देव पावला.

पण घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसे नेमके त्याच सुमाराला बागेच्या मालकांचे जावईबापू अवतरले. ते दूरच्या शहरात करमणुकीचा धंदा कसा करावा याचं शिक्षण घेऊन आले होते. पाळण्यांना ते 'अनुभव' म्हणत, येणाऱ्यांना 'पाहुणे'. भूतबंगल्यातल्या माणसाला त्यांनी विचारलं, "तुमचं पाच वर्षांनंतरचं उद्दिष्ट काय?" भुतानं विचार करून सांगितलं, "नवीन चादर."

त्यांच्याकडे सासूबाईंविरुद्ध एक तक्रारही आली होती. कोणा बड्या साहेबांचा मुलगा स्टुलावर बसून सांगून गेला होता की बाबा ऑफिसात सगळ्यांना ओरडतात आणि घरी आईच्या धाकानं पाय वर घेऊनसुद्धा बसत नाहीत. सासूबाईंनी ते शब्दशः कर्ण्यावरून सांगितलं. साहेबांच्या हाताखालची निम्मी माणसं त्या दिवशी बागेत होती.

जावईबापूंनी एक यंत्र आणलं. बटण दाबलं की मधात बुडवल्यासारखा एका बाईचा आवाज येई: "प्रिय पालक, आपलं गोड बाळ आमच्याकडे आनंदात आहे. कृपया सवडीनं येऊन न्यावं." बस. येत्या रविवारी हे यंत्र चालवून बघायचं, आणि ठीक चाललं तर माइकबाईंनी आता आराम करावा, असं ठरलं. खोलीत पाहुण्यांसाठी फोटो काढायची सजवलेली भिंत होणार होती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आराम म्हणजे आमचं घर. बारा महिने तेरा त्रिकाळ. दुधाच्या, चपलांच्या, ओल्या टॉवेलच्या सूचना, आणि संबंधित एकटी मी. खरं सांगते, सुरुवातीला मला काळजी वाटली ती माझी स्वतःची.

पण त्या मौनात सासूबाई बघवेनात. पहिले दोन दिवस त्यांनी वाटीवर चमचा वाजवून काम भागवलं, मग तेही सोडलं. खिडकीशी बसून त्या रस्त्याकडे बघत आणि त्यांचे ओठ नुसते हलत. समोरून कोणीतरी उलटा स्वेटर घालून चाललेलं असे, आणि बाईला ते सांगता येत नसे. दूध रोज उतू जाऊ लागलं. एकदा आमच्या ह्यांनी सवयीनं नळ सोडला आणि माझ्याकडे बघितलं. मी पळी उचलली आणि परत ठेवली. पाणी तेवढं वाहत राहिलं. जावईबापूंचा निरोप आला त्या दिवशी सासूबाई दार लावून बसल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मला फार वाईट वाटलं, इतकं की माझं मलाच नवल वाटलं.

रविवारी त्या तयार होऊन दारात उभ्या राहिल्या. बोलायचं नाही ना, मग नाही बोलणार, पण आपल्या खोलीत आपल्या खुर्चीवर बसणार, असं सगळं त्यांनी एका भुवईनं सांगितलं. सोबत म्हणून मी आणि ठकी गेलो. घाईत निघालो, कारण दूध उतू गेलं होतं.

सासूबाई खोलीत गेल्या. तिथे जावईबापू आधीच यंत्राशेजारी उभे होते, मुलगी बघायला आलेल्यांपुढे बाप उभा राहतो तसे. मी ठकीला तळ्याकाठी उभं केलं आणि म्हटलं, "इथेच हंसाकडे बघत उभी राहा. मी पाच मिनिटांत आले."

आणि मी आरसेमहालात गेले. तिथला तिसरा आरसा माणसाला बारीक करतो. त्यात मी लग्नाआधी होते तशी दिसते. लोक म्हणतात, तो आरसा वाकडा आहे. मी म्हणते, तेवढाच एक नजरेनं चांगला आहे.

मी आडवी झाले, तिरकी झाले, गळ्यापासून पायापर्यंत पुन्हा एकदा बघितलं. बाहेर कर्ण्यावर मधाळ बाई सांगत होती, "प्रिय पालक, आपलं गोड बाळ..." थोड्या वेळानं पुन्हा. मग आणखी एकदा. मी मान हलवली. कुठल्या बाईचं पोर असेल हे? आया तरी कशा एकेक! मूल सोडून कुठे नटत बसली असेल कोण जाणे. आणि मी पुन्हा आरशाकडे वळले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

माझं एकटीचंच असं झालं नाही, हे नंतर कळलं. 'गोड बाळ' म्हटल्यावर बागेतल्या एकाही आईबापाला आपलं पोर आठवलं नाही. आपलं ते घरी कसं असतं हे ज्याला त्याला ठाऊक. वर 'आनंदात आहे' आणि 'सवडीनं या' म्हटलेलं. मग घाई कोण करतो?

एकाएकी कर्णा खरखरला.

"सूचना."

मला वाटलं, यंत्र बिघडलं. गंजलेली बिजागरी कुरकुरावी तसा तो आवाज होता. मग ओळखू आला. महिना संपायला अजून बरेच दिवस होते.

"एक आई... हरवली आहे. स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली. पाच मिनिटांत येते म्हणाली, त्याला... बराच वेळ झाला. मुलीच्या सांगण्यानुसार आई रागीट नाही. फक्त सकाळी असते."

मी आरशात बघितलं. मी बारीक होते, पण बटणं चुकलेलीच होती.

"आजी कामावर गेली की आई आजीचा आवाज काढते. पळीत बोलते. बाबा नळ सोडून हसतात. मुलीचं म्हणणं, आवाज इतका हुबेहूब की..."

तिथे तो आवाज संपला. कर्णा नुसता घुमत राहिला. पाळणावाल्यानं पाळणा थांबवला. बाकांवरच्यांचे हात पॉपकॉर्नसकट तोंडापाशी थांबले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत मी धावत सुटले, आणि ज्या ज्या बाकावरून गेले तिथला प्रत्येक जण माझ्या बटणांकडे बघत होता.

खोलीत आठ-दहा पोरं जमली होती आणि निम्मी भोकाड पसरून रडत होती. जावईबापू अंगठ्यानं बटण दाबत घामाघूम झाले होते. "यंत्र उत्तम आहे," ते मला म्हणाले, "पालकांची तयारी कमी पडतेय." ठकी स्टुलावर पाय हलवत बसली होती. तिच्या शेजारी सासूबाई, एक हात गळ्यावर. डोळ्यांत पाणी होतं, दुखल्यामुळे की कशामुळे ते कळेना.

"आई, ते... मी गमतीनं करते हो," मी म्हटलं. "तुम्ही बोललात कशाला? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

त्यांनी माइक धरला आणि माझ्याकडे वळवला. ओठ हलले: कर.

"काय करू?"

त्यांनी स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं, मग माझ्या. आणि सगळ्यांत जोरात रडणाऱ्या पोराला उचलून माझ्यापुढे स्टुलावर बसवलं. सासूबाई समोर बसलेल्या असताना त्यांच्याच नाकातून बोलायचं! पण पोर रडतच होतं. मी त्याचं नाक पुसलं आणि विचारलं, "हं, कोण हरवलंय?"

"आजी," ते हुंदके देत म्हणालं. "तिचे गुडघे दुखतात. पण ती गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यावर बसलीय आणि उतरतच नाहीये."

मी डोळे मिटले आणि माइकचं बटण दाबलं.

"सूचना. लक्ष देऊन ऐकावं. एक आजी हरवल्या आहेत. गुडघे दुखतात असं त्या घरी सांगतात. शेवटच्या दिसल्या तेव्हा लाकडी घोड्यावर होत्या. नातवाचं म्हणणं, त्या उतरत नाहीत. संबंधितांनी घोडा थांबवावा. धन्यवाद."

बाहेर हशा उसळला. थोड्याच वेळात एक आजीबाई पदराचं टोक तोंडाशी धरून आल्या, आणि काय सांगू, चांगल्या ताडताड चालत आल्या. मग एक काका हरवले, जे मुलाच्या मते काका नव्हते पण आई त्यांना काका म्हणायला सांगते. ते आलेच नाहीत, आईच धावत आली. एकेक करून खोली रिकामी झाली. बाहेर लोकांना वाटलं, माइकबाईंचा घसा सुटला. सासूबाई मात्र त्यांच्या खुर्चीवर बसून टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. स्वतःचा आवाज बाहेरून कसा येतो ते त्यांनी तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

पॉपकॉर्न संपलं, ही बातमी मालकांपर्यंत गेली. संध्याकाळी जावईबापूंनी सासऱ्यांना समजावलं की माणसाच्या आवाजात जो ओलावा असतो तो यंत्रात नाही, आणि ही मुळात आपलीच कल्पना होती. खोली राहिली. माइक राहिला. रविवारी माइकबाईंनी सोबत सुनेला आणावं, असंही ठरलं. यंत्र भूतबंगल्यात नेऊन ठेवलं. तिथे गुडुप अंधारात कानाशी एक मधाळ बाई म्हणते, "आपलं गोड बाळ आमच्याकडे आनंदात आहे." तेव्हापासून भूतबंगल्यात लोक खरोखर घाबरतात. भुतालासुद्धा आता एकट्याला आत जायला नको वाटतं.

घरी येईपर्यंत सासूबाई माझ्याकडे वळूनही बघेनात. मी मुकाट्यानं दूध गॅसवर ठेवलं. त्या आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या. अवघडलेल्या आमच्या ह्यांनी सवयीनं नळ सोडला.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी नळ बंद केला.

"नका बोलू, आई," मी म्हटलं.

"एवढंच," त्या कुजबुजल्या. "इतकी वर्षं बाहेरच्या खोलीत बसून हे पाणी ऐकत आले. आत हसताय एवढं कळायचं. कशाला ते कळायचं नाही. वाटायचं, मला हसताय."

"तुम्हालाच हसत होतो," ठकी म्हणाली. पोरगी आजीवर गेली आहे, पदरचा शब्द घालत नाही.

सासूबाईंनी ड्रॉवरमधून पळी काढली आणि माझ्या हातात दिली. मग खुर्चीवर नीट बसल्या, बाकावर पॉपकॉर्न घेऊन बसतात तशा. मी नव्या सूनबाईंची चप्पल केली. बेवारस नवरा केला. त्यांचे खांदे हलू लागले. आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तोंडावर हात गेला, आणि आमचे हे सासूबाईंसमोर, नळ बंद असताना, पहिल्यांदाच खो खो हसले. शेवटी मी दुधाची सूचना घेतली. ती संपायच्या आत त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या ओठांशी नेला.

"'संबंधितांनी'च्या आधी जरा थांबत जा," त्या म्हणाल्या. "मी थांबते ना. तिथे कोणीतरी हसावं म्हणूनच थांबत आले."